कुंकू लावलेल्या डिस्क

“या डिस्कना कुंकू कुणी लावलं?”

मी विचारलं तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. डॉक्टर मगदूम कमरेवर हात ठेवून उभे होते. दाराशी त्यांच्या इचलकरंजीच्या स्कॅन सेंटरमधले मदतनीस बाळगोंडा अण्णा उभे होते. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाचं टोक अजून लाल होतं. मी उगाचच विचारलं होतं.

समोर माझं यंत्र होतं. माझं म्हणजे मी विकलेलं. हार्मोनियमच्या पेटीएवढी लोखंडी पेटी, पुढच्या अंगाला चार-चारच्या तीन ओळींत बारा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक डिस्क. डॉक्टरांच्या सेंटरमध्ये निघालेला प्रत्येक स्कॅन या पेटीत जाऊन राहतो. एरवी तिथं बारा हिरवे दिवे लुकलुकत असतात. त्या दिवशी ते सगळे पिवळे होते, आणि प्रत्येक डिस्कच्या मुठीवर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट ओढलेलं होतं. वरून झेंडूचा हार. यंत्र सजलं होतं झकास, फक्त चालत नव्हतं.

तो खंडेनवमीचा दिवस होता. सकाळी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यात, मीसुद्धा स्क्रू-ड्रायव्हरच्या पेटीला फूल वाहत होते, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

“वैजयंतीबाई, तुमचं मशीन उघडत नाही. काहीतरी विचारतंय. नवीन मांडणी करू का म्हणतंय. हो म्हणू?”

“कशालाही हात लावू नका,” मी म्हणाले. “हो म्हणू नका, नाही म्हणू नका. खोलीला कुलूप घाला. मी निघाले.”

हो म्हटलं असतं तर यंत्रानं सगळ्या डिस्क कोऱ्या करून, स्वच्छ नवीन मांडणी करून दिली असती. ही यंत्रं फार आज्ञाधारक असतात, तीच त्यांची खोड आहे.

माझा धंदा असा. मोठ्या बँका, फोन कंपन्या आपली माहिती ज्या यंत्रांत साठवतात ती यंत्रं काही वर्षांनी काढून टाकतात. बिघडलेली नसतात, हमी संपलेली असते इतकंच. मी ती मुंबई-बेंगळुरूच्या लिलावांतून उचलते, पंखे बदलते, बॅटऱ्या बदलते, आठवडाभर फिरवून बघते आणि ज्यांना नवं परवडत नाही त्यांना विकते. दवाखाने, छापखाने, फाउंड्र्या. मागची देखभालही माझ्याकडेच. डॉक्टर मगदूम मला गमतीनं ‘आमच्या भंगारवाल्या बाई’ म्हणत. मला ते आवडायचं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून ते जास्तच म्हणायला लागले.

यंत्र देताना मी त्यांना बजावलं होतं, याच्या शेजारी आणखी एक ठेवा, यातलं रोज त्यात उतरवून घ्यायला. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाले. कुठली दिवाळी ते बोलले नव्हते.

“मी लावलं,” बाळगोंडा अण्णा शेवटी म्हणाले.

“बाहेरून लावायचं ना, अण्णा. डिस्क काढल्या कशाला?”

“पुसाय.”

“यंत्र चालू असताना?”

“न्हाई न्हाई. आदी बटन दाबून बंद केलं. चालू यंत्रात हात घालाय मी काय खुळा हाय व्हय? जल्म गेला माझा लूमवर.”

ते खरं होतं. इचलकरंजीतल्या निम्म्या माणसांसारखा अण्णांचाही जन्म मागांच्या खडखडाटात गेला होता. कान गेल्यासारखे झाले म्हणून ते काम सोडून ते या सेंटरमध्ये लागले. मागांच्या शेडमध्ये खंडेनवमीला सगळे माग थांबतात. प्रत्येक माग उघडायचा, सुटे भाग काढायचे, पुसायचे, तेलपाणी करायचं, ओळीनं मांडून हळदकुंकू वाहायचं आणि मग परत जोडायचं. नुसतं बाहेरून फूल वाहणं म्हणजे त्यांच्या लेखी चालढकल.

मी एक डिस्क खेचून बाहेर काढली. मुठीवर मी माझ्या हातानं मार्करनं आकडा घातला होता. एक ते बारा. गाळ्यातून यंत्र बाहेर पडायच्या आधी मी हे करतेच, म्हणजे पुढं घोटाळा नको. आकडा नव्हता. दुसरी काढली, तिच्यावरही नव्हता.

“अण्णा, इथं आकडे होते.”

“ते शाईचं व्हय?” त्यांचा आवाज जरा उजळला, काहीतरी नीट केल्याचं सांगायला मिळालं म्हणून. “स्पिरिटच्या बोळ्यानं घासून काढलं. लई घट्ट बसलं हुतं.”

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मला हसू येणार होतं, ते आलं नाही.

अडचण काय होती ते सांगते. पेटीतला एकही स्कॅन एका डिस्कवर अख्खा नसतो. त्याचे तुकडे करून ते बाराही डिस्कवर पसरलेले असतात, आणि कुठली डिस्क कुठल्या कप्प्यात आहे यावरून यंत्र ते तुकडे जुळवतं. नव्या यंत्रांना डिस्कची अदलाबदल झालेली कळते. हे जुनं. त्याच्या लेखी कप्पा बदलला की माणूस बदलला. आणि चुकीच्या क्रमानं डिस्क घालून जबरदस्तीनं चालू केलं, तर ते आपल्या समजुतीनं दुरुस्ती करायला लागतं. ती दुरुस्तीच सगळं मारते.

“एकेक क्रम लावून बघता येणार नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“आपली नातवंडं बघत बसतील. आणि पहिलाच चुकीचा क्रम शेवटचा ठरेल.”

डॉक्टर अण्णांकडे वळले. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो हे? दरवर्षी हार घालता तेवढा पुरत नव्हता?”

अण्णांनी मान खाली घातली. उत्तर त्यांच्याकडे होतं असं मला वाटलं, पण ते डॉक्टरांना द्यायचं नव्हतं.

डॉक्टर मला बाहेरच्या बोळात घेऊन आले. सेंटर सणामुळं बंद होतं. बाकावर एकच बाई बसली होती, पन्नाशीच्या आसपासची, मांडीवर वायरची पिशवी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

“त्या राजमतीकाकू,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “छातीत डाग निघालाय. जागा अशी आहे की सुई घालून तपासता येत नाही, शेजारीच मोठी रक्तवाहिनी. दोन वर्षांपूर्वी त्या जिन्यावरून पडल्या होत्या, तेव्हा बरगड्यांसाठी इथंच स्कॅन केलेला. तेव्हा आम्ही बरगड्या बघितल्या आणि सोडून दिलं. आता प्रश्न एवढाच आहे, की हा डाग तेव्हाही होता का. असेल आणि एवढाच असेल तर तो जुना व्रण, हात लावायचा नाही. नसेल तर तो या दोन वर्षांत उगवलाय. मग छाती उघडायची.”

“आणि जुना स्कॅन मिळालाच नाही तर?”

“तर मिरजेचे सर्जन थांबणार नाहीत. उघडणारच. कदाचित विनाकारण.”

“फिल्म दिली असेल ना तेव्हा?”

“पुरात चिकटून लगदा झाली. सीडी करून देतो म्हटलं होतं मी. आज देऊ, उद्या देऊ. दसरा झाला की मिरजेला जायचंय त्यांना.” त्यांनी खोलीकडे मान केली. “त्या पेटीत आहे, आणि फक्त त्या पेटीत आहे.”

“अण्णांच्या ओळखीच्या का?”

“बायको त्यांची.”

डॉक्टर मिरजेला फोन करायला आत गेले. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. मी गाळ्यात बसून यंत्रं विकते. त्यांत काय ठेवलं जातं याचा मी फारसा विचार केलेला नव्हता.

“कोल्हापूरस्नं आलासा नव्हं?” बाईंनी विचारलं. “काय खाल्लं न्हाई दिसतंय.” पिशवीतून त्यांनी डबा काढला आणि एक कडाकणी माझ्या हातावर ठेवली. नवरात्रातली गोड पुरी, खुसखुशीत. मी खाल्ली. 

“काकू, अण्णांवर रागावू नका.”

“मी कशाला रागवू? घरात पन ह्येच की. मिक्सर उगडून पुसत्यात, पंखा उगडून पुसत्यात. येकदा माजं शिलाई मशीन पुसलं, म्हयनाभर टाकाच पडंना.” त्या हसल्या. मग पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “यंत्राला दरवर्सी निस्ता हारच घालायचं ते. यंदा म्हनाले, आत तुजा फोटू हाय, यंदा नीट करू. पाटं उटून आलं हितं. माज्या देवाऱ्यातलं कुंकू घेऊन आलं.”

 आतमध्ये मी अण्णांना ज्या सुरात बोलले होते त्याचं मला वाईट वाटलं.

“जुना फोटू गावला की ऑपरेशन टळलं, असं धरून बसल्यात,” त्या म्हणाल्या.

“तसं नसतं काकू. फोटोत काय आहे त्यावर—”

“मला ठावं हाय. डॉक्टरांनी नीट सांगितलंय. त्येंनी अर्दंच ऐकलं. त्येंच्या कानाला अर्दंच येतंय आनि मनाला त्येच्यातलं बी अर्दं. मी बोललो न्हाई काय. ऱ्हाऊ दे म्हटलं.”

मी उठून आत गेले. अण्णा तिथंच, त्याच जागी उभे होते. मी त्यांना खुर्ची दिली आणि समोर बसले.

“अण्णा, सकाळी काय काय केलंत ते अगदी सावकाश सांगा. कुठल्या बाजूनं काढायला सुरुवात केली?”

“वरच्या वळीनं. डाव्या हातानं सुरू करून उजवीकडं. मग मदली वळ. मग खालची.”

“काढून कुठं ठेवल्या?”

“टावेल हातरला हुता. त्येच्यावर वळीनं मांडल्या. काडलेलं सामान वळीनंच मांडायचं, न्हाईतर जोडताना घोळ हुतो.”

“मग जोडताना घोळ का झाला?”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “डाक्टरांच्या गाडीचा हारन ऐकला. आज तर बंद हाय, ह्ये कशाला आलं म्हटलं. घाई झाली. टावेलाचं चार कोपरं धरून समदं उचललं आनि हितं आनून जशा हाताला येतील तशा घातल्या. समद्या सारख्याच की दिसाय.”

“हळदकुंकू कधी लावलंत? टॉवेलावर असताना, की आत घातल्यावर?”

“टावेलावर. वळीनं. पैल्यापास्नं शेवटच्यापत्तोर.”

मी खुर्चीतून उठले. बाराही डिस्क एकेक करून बाहेर काढल्या आणि खिडकीखालच्या टेबलावर उजेडात मांडल्या. कुंकवाची बोटं सारखी नव्हती. एकीवरचं गर्द लाल, घट्ट, सुकून खपली धरलेलं. एकीवर नुसता गुलाबी ओघळ. बाकीच्या त्या दोघींच्या मधल्या.

“कुंकू किती आणलं होतं अण्णा?”

“चिमटीभर. पुडीत तेवडंच हुतं. तळव्यावर घेऊन कालवलं. सरत आलं तसं पान्याचा थेंब थेंब घालत गेलो.”

मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मी नुसतं म्हणाले, “काकूंना आत बोलवा.”

का बोलावलं ते मला धड सांगता येणार नाही. मला आणखी दोन डोळे हवे होते, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता. ते सकाळपासून ‘हो म्हणू का’ याच्या पुढं गेले नव्हते. राजमतीकाकू आल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली, टेबलाशी उभ्या राहिल्या. मी त्यांना सांगितलं, सगळ्यात घट्ट कुंकू डावीकडे, सगळ्यात पातळ उजवीकडे. त्यांनी मान डोलावली आणि तांदूळ निवडायला बसावं तशा कामाला लागल्या.

पहिल्या सहा सहज लागल्या. शेवटच्या चारही. मधल्या दोन मात्र जवळजवळ एकसारख्या होत्या. मी एक आधी म्हणत होते, काकू दुसरी.

“हे बगा,” त्यांनी दोन्ही डिस्क खिडकीशी तिरक्या धरल्या. “ह्येची कड पसरल्या. पानी आताच पडलंय. ती आदीची हाय, कड धरून हाय.”

“मला उलटं वाटतंय.”

“मग तुमी म्हंता तसं करा. मला यंत्रातलं काय कळतंय.”

मी परत बघितलं. मला खरंच उलटं वाटत होतं. पण फोटो त्यांचा होता. मी त्यांचं ऐकलं.

डिस्क घालायच्या आधी प्रत्येकीला वीज देऊन कानाशी धरली. जुन्या डिस्कचं असं असतं, फिरत राहिल्या तर वर्षानुवर्षं फिरतात, एकदा थांबवल्या की पुन्हा उठतीलच याचा नेम नाही. अकरा घरघरल्या. एक नाही. मी तिला हातात धरून हलकेच गोल झटका दिला, दोनदा, तीनदा. काही नाही. या यंत्रात एक डिस्क मेली तरी बाकीच्या मिळून तिचा हिस्सा भरून काढतात. दुसरी मेली की संपलं. म्हणजे आता आमच्याजवळ राखीव काही उरलं नव्हतं. शहाण्यानं अशा वेळी आधी सगळ्यांच्या नकला काढाव्यात. तेवढ्या रिकाम्या डिस्क माझ्याकडे नव्हत्या, आणि उठलेल्या अकरांतली कुठली परत बसेल सांगता येत नव्हतं.

“घालू का?” मी फोन संपवून आलेल्या डॉक्टरांना विचारलं.

“मला काय विचारता?” ते म्हणाले आणि राजमतीकाकूंकडे बघायला लागले. मग आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघायला लागलो.

“घाला की,” त्या म्हणाल्या.

मी क्रमानं डिस्क घातल्या. मेलेलीचा कप्पा रिकामा ठेवला. लॅपटॉप जोडला आणि यंत्राला सांगितलं, आहे त्या मांडणीवर उठ. पंखे जोरात सुटले. पडद्यावर काही नाही. अण्णांनी हात जोडले होते आणि ओठ हलत होते. पहिल्या ओळीतला एक दिवा हिरवा झाला. त्याच्या शेजारचा झाला. मधल्या ओळीत पिवळे तसेच राहिले. मग तेही झाले, एकामागून एक, काकूंनी ठरवलेल्या त्या दोन्हींचेसुद्धा. पडद्यावर सेंटरच्या सगळ्या फायलींची यादी उघडली.

मी टाळी वाजवली. लहान मुलीसारखी, एकटीच. मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला तरी सांगावासा वाटत होता, आणि सांगायला समोर होते ते सगळे तो बघतच होते. डॉक्टर म्हणाले, “भंगारवाल्या बाई, मानलं,” आणि त्या वेळी मला त्या शब्दाचाही राग आला नाही.

“गावला?” अण्णांनी विचारलं. “फोटू गावला?”

“सापडला अण्णा. आधी काकूंचाच काढून घेते.”

अण्णा खाली वाकले आणि यंत्राला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग बायकोकडे बघून म्हणाले, “सुटलो गं.” त्यांचे डोळे भरले होते. “मी जिलेबी आनतो. म्याडम, जायचं न्हाई हां. आता येतो.” आणि चपला घालायच्या राहूनच गेल्या, ते तसेच बाहेर पडले.

मी काकूंचा स्कॅन लॅपटॉपवर उतरवून घेतला, तिथून डॉक्टरांच्या मोठ्या पडद्यावर पाठवला, आणि बाकीचं मावेल तितकं सोबत आणलेल्या डिस्कवर काढायला लावून वायरी गुंडाळत बसले. तोंड चालू होतं माझं. डॉक्टरांना म्हणत होते, आता तरी दुसरं यंत्र घ्या, बेंगळुरूला एका बँकेचा चांगला माल निघणार आहे, तुमच्यासाठी बघून ठेवते. डॉक्टर हूं हूं करत होते. मग हूं करायचेही थांबले.

मी वर बघितलं. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. डॉक्टर माऊसचं चाक फिरवून वर जात होते, खाली येत होते, परत वर. एकाच जागी. उजव्या चित्रात त्या जागी वाटाण्याएवढं पांढरं काहीतरी होतं. मला स्कॅनमधलं काही कळत नाही, पण तेवढं कळत होतं. डाव्या चित्रात त्या जागी काळं होतं, स्वच्छ.

राजमतीकाकू डॉक्टरांच्या मागे उभ्या होत्या.

“जुन्यात न्हाई तो,” त्या म्हणाल्या.

“काकू, बसा.”

“बसतो. न्हाई नव्हं?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण अजून लहान आहे. वेळेत कळलं. मिरजेचे डॉक्टर चांगले आहेत, मी स्वतः बोलतो त्यांच्याशी.”

त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघत राहिल्या.  मी वायर गुंडाळत राहिले, सोडत राहिले, परत गुंडाळत राहिले. मगाशी वाजवलेल्या टाळीचा आवाज मला अजून ऐकू येत होता आणि तो नकोसा वाटत होता.

“डॉक्टर, ह्येंना आज सांगू नगासा,” त्या म्हणाल्या. “दसरा होऊ दे.”

“बरं.”

“आनि नंतर सांगशीला तवा ते ऐकायचं न्हाईत.” त्या माझ्याकडे वळल्या. “म्हनतील, डाग हुता. माज्या पुसन्यानं गेला.”

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत ते. मग कळलं. स्पिरिटचा बोळा, घासून काढलेली शाई. ज्या हातानं आकडे गेले त्याच हातानं डागही गेला, जुन्या फोटोतला, काकूंना वाचवणारा.

“काकू, असं होत नाही. बाहेरून कितीही पुसलं तरी आतलं पुसलं जात नाही. एक तुकडा जरी इकडचा तिकडं झाला असता तर फोटो उघडलाच नसता.”

“मला नगा सांगू. त्येंना सांगा. आता आलं की लगेच सांगा, हसत खेळत सांगा. नंतर सांगितलं तर समजूत घालाय लागल्यात म्हनतील.”

जिन्यावर पावलं वाजली. अण्णा आले, हातात जिलेबीचा पुडा, कागदातून तूप उतरलेलं, पायाला रस्त्याची धूळ. आधी एक जिलेबी यंत्रावर ठेवायला निघाले, मग स्वतःच थांबले आणि हसले. “नगो. आता हात लावत न्हाई बाबा.”

“लावा की अण्णा,” मी म्हणाले. माझा आवाज मला जमेल तितका हलका ठेवला. “बाहेरून कितीही पुसा, कितीही हात लावा, आतलं काही पुसलं जात नाही. जागा तेवढ्या बदलू नका. आत जे होतं ते जसंच्या तसं निघालंय.”

“जसंच्या तसं?”

“जसंच्या तसं. काही गेलं नाही, काही आलं नाही.”

“ऐकलं न्हवं?” राजमतीकाकू नवऱ्याला म्हणाल्या. “म्याडम काय म्हनाल्या ते ध्यानात ठेवा.”

“ऐकलं की,” अण्णा म्हणाले आणि पुडा बायकोपुढं धरला. काकूंनी एक जिलेबी उचलली, अर्धी मोडून त्यांना दिली, आणि उरलेली माझ्याकडे बघत सावकाश खाल्ली.

ऑपरेशन मिरजेला झालं. पुढं औषधं झाली, फेऱ्या झाल्या, मधे एकदा त्या बऱ्या होऊन कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आल्या तेव्हा माझ्या गाळ्यातही येऊन गेल्या. त्या वारल्या तेव्हा मी बेंगळुरूला लिलावात होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मी एका बँकेच्या तळघरात रांगेनं लावलेल्या बंद यंत्रांच्या मधे उभी होते आणि मला तिथंच रडू आलं. त्या दिवशी मी काही घेतलं नाही.

आता अण्णा सेंटरमध्ये नसतात. पण दर खंडेनवमीला त्यांचा फोन येतो. धंदा कसा चाललाय विचारतात, गाळ्याची पूजा झाली का विचारतात. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागतं, शेजारच्या गाळ्यातले बघतात. मग ते मूळ गोष्टीवर येतात.

“म्याडम, येक इचारू?”

“विचारा.”

“बाहेरनं पुसलं तर आतलं जात न्हाई नव्हं?”

“नाही जात, अण्णा.”

“व्हय. तुमी तवा बी असंच म्हनालासा,” ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.